चौथा ठिपका

मिस्त्रीला जिवलग म्हणावा असा एकच मित्र होता, आणि तो सत्तर वर्षांपूर्वी कामावरून घरी गेला तो परत आलाच नव्हता. त्याचं नाव मिस्त्रीला माहीत नव्हतं. तोंड पाहिलेलं नव्हतं. लग्न झालं होतं की नव्हतं, दारू पीत होता की नाही, कशाने गेला, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते फक्त तीन ठिपके. पंच म्हणजे टोकदार पोलादी दांडी टेकवून हातोडीने ठोकलेले, त्रिकोणात, एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याइतके लांब. जुन्या इंजिनाच्या पोटात जिथे जिथे नजर ठरावी असं काम सापडे, तिथे आतल्या अंगाला हे तीन ठिपके असायचेच. मिस्त्री त्याला ठिपकेराव म्हणायचा.

जिवंत माणसांशी मैत्री करायला मिस्त्रीचा विरोध नव्हता. पण जिवंत माणसं बोलतात फार. चहाच्या सुट्टीत शेडमधली मंडळी जमली की कुणाच्या मुलाला किती टक्के पडले आणि कुणाच्या मेहुण्याने कुठे फ्लॅट घेतला, हेच दळण. मिस्त्री आपला कप उचलून इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरायचा. तिथे ठिपकेराव असायचे.

"काय हो ठिपकेराव, हा पाइप वाकवताना भट्टीत घातलात की नुसता दिव्याने तापवलात?" असं तो विचारायचा आणि पाइपावर बोट फिरवत बसायचा. थोड्या वेळाने उत्तर मिळायचं. इतकं सरळ उत्तर त्याला हयात माणसांकडून क्वचितच मिळालं होतं.

इंजिन वाफेचं, शंभरी ओलांडलेलं. त्यातली जवळजवळ साठ वर्षं ते रुळांच्या टोकाला गवतात उभं होतं. धुराड्यात झाड उगवलं होतं, पितळ तेवढं चोरांनी वेचून नेलं होतं. संग्रहालयाने ते उचलून शेडमध्ये आणलं, तेव्हा साहेबांनी छोटंसं भाषण केलं. हे इंजिन पुन्हा चालवायचं आणि असं चालवायचं की पुढची शंभर वर्षं त्याने मागे वळून बघता कामा नये, असं ते म्हणाले. मग साहेब ऑफिसात गेले आणि ती शंभर वर्षं मिस्त्रीच्या गळ्यात पडली. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

मिस्त्रीचा एक नियम होता आणि तो त्याने शेडमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात कुटून कुटून घातला होता. बसवणं कुणालाही येतं, पुढच्याला उघडता येईल असं बसवा. प्रत्येक बोल्टला ग्रीस. प्रत्येक जोडाच्या बाजूला पान्हा फिरेल एवढी जागा. "पन्नास वर्षांनी कुणीतरी इथे उताणा पडून तुमचा बोल्ट सोडवणार आहे," तो म्हणायचा, "त्याने तुमच्या आईवडिलांचा उद्धार करावा असं वाटतं का?"

दुसरा नियम त्याचा नव्हता, तो जुन्याच लोकांचा होता. काम संपलं की करणाऱ्याने आपली खूण मारायची, पण आतून. झाकण लागलं की दिसता कामा नये. पुढे कधी कुणी उघडेल त्यालाच ती दिसावी. लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणारी बाई बारीक फुली मारायची. सगळे तिला लेथबाई म्हणत. पंचेचाळिशीची, बोलायला तिखट आणि हाताने सरळ. रंगारी पहिल्या हाताखाली अंगठा उमटवायचा. मिस्त्रीने मात्र अकरा वर्षांत कुठेच खूण मारली नव्हती.

"मिस्त्रींना सही येत नाही," लेथबाई म्हणायची. "अंगठेबहाद्दर आहेत, पण रंगाऱ्यासमोर कबूल करवत नाही."

मिस्त्री हसून सोडून द्यायचा. त्याने जागा राखून ठेवली होती.

ती जागा म्हणजे मधल्या डाव्या चाकाची पिन. इंजिनाचं सगळं बळ एका लांब दांड्यातून चाकाकडे जातं, आणि त्या दांड्याला चाकाशी धरून ठेवते मनगटाहून जाड अशी एक पोलादी पिन. पिन आतून पोकळ, तोंडावर झाकण. अशा सहा पिना. पाच मिस्त्रीने चाकांतून काढल्या, तपासल्या आणि लेथबाईकडून नव्या करून बसवल्या. सहावीच्या झाकणाच्या कडेला आतून तीन ठिपके होते. पहिल्याच वर्षी झाकण जरासं सैल करून त्याने ते बघितले होते, तसंच परत आवळलं होतं, बाहेरून हातोडी मारून आवाज ऐकला होता. आवाज खणखणीत होता. नोंदवहीत त्याने लिहिलं, "सहावी पिन उघडून तपासली. उत्तम."

उघडून तपासली नव्हती. पण ठिपकेरावांनी बसवलेली पिन काय उपटून बघायची? तेवीस ठिकाणी त्याने त्या माणसाचं काम पाहिलं होतं आणि तेविसांत एकही खोट नव्हती. ठोके कुठल्या बाजूला कलले आहेत त्यावरून मिस्त्रीने ओळखलं होतं की माणूस डावखुरा होता. जुने बोल्ट कापून पुन्हा वापरायचा, म्हणजे टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. एका जागी कानस मारता मारता सोडून दिलेली होती आणि पुढे वेगळ्या हाताने मारली होती, दमाने आणि नीट. त्या दिवशी त्याला काहीतरी झालं असावं आणि दुसऱ्या दिवशी तो शांत होऊन आला असावा. एवढं मिस्त्रीला आपल्या सख्ख्या भावाबद्दलही सांगता आलं नसतं.

शेडमधून सुटला की मिस्त्री दोन खोल्यांच्या घरी जायचा. खाली शिंप्याचं दुकान, वर हा. बायको तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या शहरात गेली होती, तीन महिन्यांसाठी. तीनाचे सहा झाले, मग मुलीची नोकरी, मग नातवाचा दमा, मग पाळणाघर पसंत पडेना. इकडे इंजिनाचा बॉयलर अर्धा उघडा होता. "इंजिन निघालं की येतो," मिस्त्री म्हणाला होता. इंजिन काही निघेना. भांडण झालं नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. नुसतं राहून गेलं होतं, आणि राहून गेलेल्या गोष्टीसाठी कुणावर चिडताही येत नाही.

रोज आठाला तिचा फोन यायचा, पडद्यावर तोंड दिसणारा. मिस्त्री फोन मिठाच्या बरणीला टेकवायचा आणि ताट समोर घ्यायचा.

"जेवलात?"

"बसलोय. तू ठीक ना?"

"ठीक आहे."

मग नातवाचा खोकला, शिंप्याची उधळलेली मांजर, पाण्याची वेळ. दहा मिनिटांत संपायचं. मिस्त्री भांडं घासून पालथं घालायचा, खिडकीची कडी लावायचा आणि पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपायचा. उरलेल्या बाजूवर त्याने कधी पाय पसरले नाहीत.

पण या खेपेला खरोखरच दिवस ठरला होता. बारा दिवसांनी इंजिन लोकांसमोर धावणार होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं मिस्त्रीचं तिकीट निघालं होतं, आणि परतीचं काढलेलं नव्हतं. हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिने तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाली, "दोन स्वेटर आणा. इथे गारठा आहे."

म्हणजे आता राखून ठेवलेल्या जागेवर खूण मारायला हरकत नव्हती. त्याने ती ठरवून ठेवली होती. तीन ठिपक्यांच्या शेजारी एक ठिपका. नाव नको, फुली नको. पुढे कधी कुणी झाकण उघडलं तर त्याला चार ठिपके दिसतील आणि तो म्हणेल, इथे दोन माणसं होती.

दुपारी मंडळी जेवायला गेल्यावर मिस्त्री पंच आणि हातोडी घेऊन चाकापाशी बसला. झाकणाचे बोल्ट सोडवले. सत्तर वर्षांचे बोल्ट, पण आजही सुटले, कारण बसवणाऱ्याने ग्रीस लावलं होतं. "वा, ठिपकेराव," मिस्त्री म्हणाला. झाकण पुरतं बाजूला घेतलं आणि पिनेच्या पोकळीत त्याला काहीतरी दिसलं. आजवर त्याने झाकण बोटभरच सैल केलं होतं, एवढं आत कधी पाहिलं नव्हतं.

पत्र्याची सुरळी होती. बोटाएवढी, तेलकट चिंधीत गुंडाळलेली. मिस्त्रीने ती मांडीवर उलगडली. खिळ्याने ओरबाडून अक्षरं काढली होती, डावीकडे कललेली.

"भोक झिजलं आहे. नवी पिन करायला वेळ दिला नाही, सकाळी इंजिन मागितलं. पट्टी गुंडाळून बसवली आहे. घट्ट आहे पण खरी नाही. उघडशील तेव्हा बदल. विसरू नको."

मिस्त्रीने ते तीनदा वाचलं. मग चाकू घेऊन पिनेच्या कडेचा रंग खरवडला. रंगाखाली पिन आणि चाक यांच्यामध्ये केसाएवढी एक रेघ होती, सबंध गोलाभोवती. पट्टीची कड. आवाज खणखणीत येणारच, पट्टी घट्ट होती. पण इंजिन वेगात धावू लागलं की दर फेऱ्याला तिच्यावर टनावारी वजन आपटणार, आणि कधीतरी पिन हलणार. ती निखळली तर लांब दांडा मोकळा सुटून रुळांवर, खडीवर, माणसांवर कुठेही जाणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. अकरा वर्षं तो या माणसाशी बोलत होता, त्याच्या पाइपांना प्रश्न विचारत होता, आणि त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एकुलतं एक पत्र हाताच्या अंतरावर पडून होतं. मिस्त्रीने ते उघडलं नव्हतं, कारण पाठवणाऱ्यावर त्याचा फार विश्वास होता.

खरं तर त्याला पहिल्यांदा रागच आला. ठिपकेरावांचा. तू असं करशील असं वाटलं नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटला. मग नोंदवहीतली स्वतःची ओळ आठवली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

पावलं वाजली. त्याने सुरळी खिशात टाकली, झाकण लावलं, हाताला लागेल तसे बोल्ट आवळले.

"झाली का सही एकदाची?" लेथबाईने विचारलं. तिची नजर हातोडीवर होती.

"झाली," मिस्त्री म्हणाला.

त्या दिवशी रात्री आठाला फोन आला. मिठाची बरणी, ताट, भात, उकडलेलं अंडं.

"स्वेटर काढलेत?"

"काढतो."

"आवाज का असा?"

"कुठे काय? तू ठीक ना?"

"ठीक आहे."

फोन ठेवल्यावर अंडं तसंच राहिलं. मिस्त्री हिशोब मांडत बसला, म्हणजे दिवसांचा. चाक काढायचं तर सगळं इंजिन उचलायचं. भोक मोठं करायचं, नवी पिन घडवायची, दांडा परत जुळवायचा. आठ महिने. कमी नाही. सांगितलं नाही तर? संग्रहालयाचा मार्ग दोन मैलांचा, वेग सायकलीचा. पिन दहा वर्षं टिकेल. वीसही टिकेल. कुणाला कळणार आहे? जो पुढे उघडेल त्याला कळेल, आणि तो तर अजून जन्मायचा आहे. आणि जन्मून, मोठा होऊन, त्याने झाकण उघडलं की तीन ठिपक्यांशेजारी चौथा दिसेल. तो म्हणेल, या दोघांनाही माहीत होतं.

चार दिवसांनी आवारात चाचणी होती. बॉयलर पहाटेपासून तापत होता. साहेब नवा शर्ट घालून आले होते. शिट्टी वाजली तेव्हा रंगाऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले. इंजिन हललं, एक फेरा, दुसरा फेरा, आणि अकरा वर्षं जागचं न हललेलं ते धूड माणसाच्या चालीने आवारातून निघालं. मंडळी टाळ्या पिटत मागे धावत होती. मिस्त्री एकटाच मधल्या डाव्या चाकाच्या बाजूने चालला होता, मान वाकडी करून, पिन वर गेली, खाली आली, वर गेली. त्याला टाळ्या ऐकू येत नव्हत्या.

काही झालं नाही. इंजिन आवाराच्या टोकाला गेलं आणि परत आलं. काहीही झालं नाही याचीच मिस्त्रीला जास्त भीती वाटली. असंच उद्या होणार नाही, परवा होणार नाही, आणि हळूहळू तो स्वतःदेखील विसरून जाणार.

साहेबांनी येऊन त्याला मिठी मारली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, वाफ सोडायला सांगा. हे धावायचं नाही."

ऑफिसात त्याने पत्रा टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"मिस्त्री, सत्तर वर्षं टिकली की ही."

"सत्तर वर्षं उभी होती, साहेब. उभं राहणाऱ्याचं काय सुटणार आहे?"

"आणि नोंदवहीत तुम्हीच लिहिलंय, उघडून तपासली, उत्तम म्हणून."

"खोटं लिहिलं. खाली आज खरं लिहितो. सही माझीच राहू द्या."

साहेब माणूस वाईट नव्हता. निमंत्रणं गेलेली होती, त्याची खूण त्यांच्या तोंडावर दिसत होती, तरी ते ओरडले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ठीक. पण हे तुमच्याशिवाय कोण करणार? तिकीट रद्द करा. आठ महिने थांबा."

"थांबतो," मिस्त्री म्हणाला.

आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मिस्त्रीनेही ती स्वतःशी कबूल केली. "थांबतो" म्हणताना त्याला बरं वाटलं. दुःख होतं, लाज होती, सगळं होतं, पण त्याच्या तळाशी सुटका होती. आठ महिने खड्डा, चहाचा कप आणि ठिपकेराव. परक्या शहरातल्या परक्या घरात, तीन वर्षं फक्त फोनवर पाहिलेल्या बायकोसमोर काय बोलायचं हा प्रश्न आठ महिने पुढे गेला होता.

आठाला त्याने फोनची वाट पाहिली नाही. स्वतःच लावला. सगळं सांगितलं, पहिल्या वर्षापासून. ठिपकेरावांबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नव्हता, ते हसण्यासारखं वाटायचं. आज बोलला. तेवीस जागा, डावखुरा हात, सुरळी, खोटी नोंद, आठ महिने. बायकोने मध्ये एकदाही हूं केलं नाही. पडदा गोठला की काय म्हणून त्याने "ऐकतेस ना?" असं विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "अकरा वर्षं तुम्ही त्याच्या खुणेवरून बोट फिरवलंत आणि आत काय आहे ते पाहिलं नाहीत."

"विश्वास होता गं."

"हो. विश्वास." मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. "अहो, मीही रोज ठीक आहे म्हणते."

मिस्त्रीने बरणीला टेकवलेला फोन हातात घेतला.

"जेवा तुम्ही. गार होईल," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तो बरणीकडे पाहत राहिला. तीन वर्षांत हजाराच्या वर फोन झाले असतील. ती विचारायची, जेवलात? त्याने कधी विचारलं नव्हतं, तू काय जेवलीस. ती आठाला फोन करते तेव्हा मुलगी-जावई घरी असतात का, तिच्या समोर ताट असतं का, तीही फोन कशाला तरी टेकवून ठेवते का? आवाज खणखणीत यायचा. त्याने बाहेरून ठोकून पाहिलं होतं आणि उत्तम लिहून मोकळा झाला होता. मिस्त्री चौसष्ट वर्षांचा होता आणि रडायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते त्याला नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो लेथबाईच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

"सहावी पिन तुम्ही करायची," तो म्हणाला. "चाक काढण्यापासून. मी ठरल्या तारखेला जातोय."

तिने मशीन बंद केलं. "आणि साहेब?"

"साहेबांना आज सकाळी सांगितलंय. आधी परत माझ्याशिवाय कोण करणार म्हणाले, मग हो म्हणाले. अकरा वर्षं मीच ते त्यांच्या डोक्यात भरवलं, दुसरं काय म्हणतील?"

उरलेले दिवस तो तिच्यासाठी लिहीत बसला. कुठे जॅक लावायचा, दांडा उतरवताना कुठला बोल्ट शेवटी ठेवायचा, भोकाचं माप सकाळच्या गारव्यात घ्यायचं, दुपारी नाही. सात पानं झाली. शेवटच्या दिवशी त्याने हाताएवढा पत्रा कापला आणि खिळ्याने त्यावर ओरबाडलं. अक्षर वाईट आलं. लेथबाईने हातात घेऊन वाचलं.

"याने खरं सांगितलं होतं, मी उशिरा ऐकलं. ही पिन बाईंनी केली आहे. चांगली आहे. तरी उघड."

"मी अजून केलीच नाही. चांगली कशावरून?"

"म्हणून तर शेवटचे दोन शब्द लिहिलेत. दोन्ही पत्रे नव्या पिनेत ठेवा, त्याचा आणि हा."

"आणि तुमचा ठिपका?" तिने विचारलं. "त्या दिवशी झाली म्हणालात ती सही? मी झाकण उघडून पाहिलं. तीनच आहेत."

मिस्त्रीने खिशातला पंच काढून तिच्या मशीनवर ठेवला. "काम ज्याचं, खूण त्याची. तुमची फुली मारा."

"अकरा वर्षं केलंत आणि कुठेच काही नाही ठेवायचं?"

"ठेवलं की," मिस्त्री म्हणाला, "ग्रीस." लेथबाई हसली नाही. तिने त्याचा पंच रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

निघताना तो एकदा खड्ड्यात उतरला. वर इंजिन उभं होतं, झळझळीत, बंद. काहीतरी बोलावंसं वाटलं. पण आज पहिल्यांदाच त्याला ठिपकेरावांचा खरा आवाज माहीत होता, घाईतला, घाबरलेला, कुणाला तरी विनवणारा, आणि त्याच्यापुढे पाइपाच्या गोष्टी काढणं बरं दिसलं नसतं. "बदलतायत हो," एवढंच तो म्हणाला आणि वर आला.

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तो पोचला तेव्हा दुपार होती. मुलगी-जावई कामावर, नातू शाळेत. बायकोने दार उघडलं. ती बारीक झाली होती. फोनच्या पडद्यावर ती नेहमी खांद्यापर्यंतच दिसायची, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही एकदमच स्वेटरबद्दल बोलू लागले.

स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक अरुंद टेबल होतं. त्यावर साखरेचा डबा होता आणि डब्याच्या पुढ्यात रेक्झिनवर फोनच्या कडेने पडलेला एक चरा होता. रोज एकाच जागी काही टेकवलं की पडतो तसा. मिस्त्रीने त्यावरून बोट फिरवलं. मग बोट काढून घेतलं.

तिने त्याचं ताट वाढलं. स्वतःचं घेतलं नाही, गॅसपाशी पाठमोरी उभी राहिली आणि गरम असलेलंच परत गरम करू लागली.

"ठीक आहेस ना?" मिस्त्रीने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीने ताटाला हात लावला नाही.

"तरी सांग," तो म्हणाला.

तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.